कॅमेरे बनवणाऱ्यांनी एकदा गड्ड्याला यावं

बाराबंदी

सोलापूरची गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जत्रा) संपून दहा दिवस झाले, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. म्हणून धागा काढतोय.

शोभेच्या दारूकामाच्या रात्री होम मैदानावर ट्रायपॉड लावून बसलो होतो. ऑटो फोकस बंद केला, फोकस लांबवर नेऊन ठेवला, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११, शटर ४ सेकंद उघडं. फोटो मनासारखे आले. घरी येऊन कॅमेरा बंद केला, बॅगेत ठेवला, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या लेकीचं बारसं. पहिलाच क्लिक लांबला तेव्हा कळलं की मोड रात्रीचाच आहे. डायल फिरवून 'ए'वर (शटर कॅमेरा ठरवतो तो मोड) आणली, आयएसओ ऑटो केला आणि फोटो काढत सुटलो. पाळणा, कुंची घातलेलं बाळ, आत्याने कानात सांगितलेलं नाव, मग तिच्या पाठीत पडलेल्या बुक्क्या, सगळं टिपलं. मागच्या स्क्रीनवर सगळं छानच दिसत होतं.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर उघडलं. १४० फोटो. दारातून दिसणारा रस्त्यावरचा विजेचा खांब कडक, आणि बाळ, आत्या, बहीण सगळी धुरकट. लेन्सवरचं फोकसचं खटकं 'एम'वरच (मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस) राहिलं होतं.

चूक माझी, मान्य आहे. पण मला सांगा, साइड स्टँड लावलेला राहिला तर गाडी दिवा लावून सांगते, कित्येक नव्या गाड्या तर चालूच होत नाहीत. कॅमेऱ्याला माहीत होतं की फोकस हातावर आहे. समोरची गोष्ट फोकसमध्ये नाही हेही त्याला कळत होतं, कारण व्ह्यूफाइंडरमधला (डोळा लावून बघायच्या खिडकीतला) फोकसचा ठिपका तो मॅन्युअलमध्येही लावतो. तरी १४० वेळा तो गप्प बसला.

माझं म्हणणं एवढंच: कॅमेरा चालू केला की त्याने पहिले दोन सेकंद सांगावं, 'काल हे हे वेगळं ठेवलं होतंस, तसंच राहू दे का?' मेगापिक्सेल पुष्कळ झाले. हाताळणीत काय बदलावं असं तुम्हाला वाटतं? स्वतःचे अनुभव सांगा.

---

सातरस्ता

लई कामाचा धागा काढलास बे. माझ्या कॅमेऱ्यात सेल्फ टायमर असाच अडकून बसतो. ग्रुप फोटो काढला की पुढच्या वेळी बटण दाबलं तरी १० सेकंद 'टुक टुक टुक'. तोवर समोरचा माणूस निघून जातो.

---

रंगावली

बाराबंदीदादा, वाचून पोटात कालवलं. मी लग्नाचे फोटो काढते, अकरा वर्षं झाली. तुमच्यावर आली ती वेळ प्रत्येकावर येते.

उपाय सांगते. तुमच्या डायलवर यू१, यू२ आहेत का बघा. निकॉनने डी७००० मध्ये २०१० साली ते दिले. कॅननच्या मधल्या आणि वरच्या कॅमेऱ्यांत सी१, सी२ असतात. तुमची रोजची सेटिंग यू१ मध्ये साठवून ठेवायची. मग यू१ वर असताना काहीही बदला, कॅमेरा बंद करून चालू केला की पुन्हा साठवलेलंच येतं. मी कार्यालयात शिरताना डायल यू१ वर नेते, मगच पिशवी खाली ठेवते.

ज्यांच्याकडे यू१ नाही त्यांच्यासाठी: निकॉनच्या बहुतेक एसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर) दोन बटणांशेजारी हिरवे ठिपके असतात. दोन्ही एकदम दोन सेकंदांहून जास्त दाबून धरली की महत्त्वाच्या सेटिंग मूळ जागी येतात. कित्येकांना ते ठिपके कशाचे हेच माहीत नसतं.

---

अभियंता_७४

@रंगावली, सल्ला चांगला आहे, पण या प्रसंगात उपयोग झाला नसता. लेन्सवरचं ए-एम खटकं यांत्रिक आहे. ते एमवर असेल तर यू१ काही करू शकत नाही. हिरव्या ठिपक्यांनीही ते हलत नाही.

मूळ अडचण इथेच आहे असं मला वाटतं. एकाच कॅमेऱ्यात दोन प्रकारची नियंत्रणं एकत्र नांदतात. काही हाताने फिरतात आणि जागेवर राहतात, काही कॅमेऱ्याच्या मेमरीत असतात आणि बदलतात. पहिल्या प्रकाराचा फायदा म्हणजे कॅमेरा बंद असतानाही बघून कळतं. दुसऱ्याचा फायदा म्हणजे एका झटक्यात सगळं पूर्ववत होतं. दोन्ही मिसळले की माणूस फसतो. निकॉनच्या एएफ-पी प्रकारातल्या काही लेन्सवर खटकंच नाही, फोकस कॅमेऱ्यातून बदलायचा. त्यावरही लोक चिडले, की अंधारात मेनू कुठे शोधायचा.

---

बाराबंदी

बरोबर. माझ्याकडे खटकं असलेलीच लेन्स आहे. पण रंगावलीताई, यू१ चं माहीत नव्हतं, आजच करतो.

---

जुना_स्टुडिओ

मंडळी, मी नवी पेठेत पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला. माझं मत थोडं कडू लागेल.

फिल्मच्या कॅमेऱ्यात तीनच गोष्टी होत्या: शटर, अ‍ॅपर्चर, फोकस. तिन्ही डोळ्यांसमोर कोरलेल्या आकड्यांत. रोल ३६ फोटोंचा. बटण दाबण्याआधी आम्ही तिन्ही आकडे मनात म्हणायचो. लग्नात सप्तपदी पुन्हा होत नाही, त्यामुळे यंत्राने आठवण करून द्यावी ही अपेक्षाच नव्हती. आज पोरं कॅमेऱ्याला दोष देतात. हत्याराची ओळख करून घ्यायला वेळ द्या. सुतार करवतीला विचारतो का, की तू बोथट आहेस का? बोट फिरवून बघतो.

---

माळरान

@जुना_स्टुडिओ काका, तुमचा मान ठेवून सांगतो, तुमचीच गोष्ट कॅमेऱ्याच्या विरुद्ध जाते. करवतीवर बोट फिरवलं की कळतं. कोरलेल्या आकड्यांवर नजर टाकली की कळतं. आजच्या कॅमेऱ्यावर बोट फिरवून काय कळतं? एकाच चाकाने कधी शटर बदलतं, कधी अ‍ॅपर्चर, कधी मेनू सरकतो. तुमची सवय तीन आकड्यांची होती. आता मेनूत पानांमागून पानं.

फुजीफिल्मने २०११ साली एक्स१०० काढला तेव्हा लोक त्यावर तुटून पडले, ते उगाच नाही. लेन्सभोवती अ‍ॅपर्चरची रिंग, वर शटरची डायल. बंद कॅमेरा हातात घेतला तरी कळतं तो कशासाठी तयार आहे.

---

जुना_स्टुडिओ

@माळरान, हे मात्र पटलं. डायलवर आकडे कोरलेले असावेत, हेच तर मी म्हणतोय.

---

शेंगाचटणी

मला यातलं फार कळत नाही, पण यंदा गड्ड्यात यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी नवऱ्याचा कॅमेरा घेऊन गेले होते. काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघाल्या, सातही समोरून गेल्या, माणसं सगळी बाराबंदीत, म्हणजे पांढऱ्या पारंपरिक अंगरख्यात. फोटोत पांढरे शुभ्र कपडे राखाडी आलेत, धुवायला टाकल्यासारखे. चेहरे काळे. कॅमेरा बिघडलाय का?

---

रंगावली

@शेंगाचटणी ताई, बिघडला नाही. कॅमेऱ्याचा मीटर समोर काय आहे हे ओळखत नाही, तो फक्त उजेड मोजतो. सगळं सरासरी मधल्या राखाडी छटेचं असणार असं धरून तो चालतो. समोर हजारो पांढऱ्या बाराबंद्या आणि वर जानेवारीचं लख्ख ऊन. त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो काळवंडवतो. उलट, काळी म्हैस काढली तर ती राखाडी पडेल.

अधिक-उणे लिहिलेलं छोटं बटण शोधा, ते एक्स्पोजर कंपेन्सेशनचं. पांढऱ्या गर्दीत अधिक ०.७ ते अधिक १ वर ठेवायचं. नंतर शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळं उजळ येईल. पुन्हा बाराबंदीदादांचाच प्रश्न!

---

सातरस्ता

म्हणजे आपल्या धागाकर्त्याचं नावच कॅमेऱ्याला झेपत नाही :)

---

बाराबंदी

हा हा! नाव आजोबांच्या बाराबंदीवरून घेतलंय. ती अजून ट्रंकेत आहे, दरवर्षी नीळ घालून धुतो.

शेंगाचटणीताईंच्या प्रश्नावरून सुचलं: कॅमेऱ्यांत बर्फाचा, समुद्रकिनाऱ्याचा मोड असतो. सोलापुरात बर्फ कुठून येणार? पण बर्फाचा मोड म्हणजे पांढऱ्यासाठी उजेड वाढवणंच ना? मग त्याचं नाव 'पांढरं जास्त आहे' असं ठेवलं असतं, तर बाराबंदीपासून कापूस वेचणीपर्यंत सगळीकडे लोकांनी वापरला असता. चित्रात डोंगर आणि बर्फाचा माणूस काढलाय, म्हणून इथला कुणी त्याला हात लावत नाही.

---

अभियंता_७४

हा मुद्दा जबरदस्त आहे. नावं ठेवण्यातच निम्मी हाताळणी असते. निकॉनला 'एस', कॅननला 'टीव्ही'. दोन्हीचं काम एकच, शटर आपण ठरवायचं. नवीन माणूस टीव्ही वाचून काय समजणार? माझ्या पुतण्याने विचारलं होतं, हा मोड व्हिडिओचा का म्हणून.

---

पूर्वभाग

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक माहिती. निकॉनच्या डी३४००, डी५६०० अशा कॅमेऱ्यांच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, तेलुगूही आहे, हिंदी आणि तमिळसुद्धा. आमच्या घरात आजी-आजोबा तेलुगू बोलतात, आम्ही बाहेर मराठी. वडिलांना पन्नाशीनंतर फोटोग्राफीचा नाद लागला. मी मेनू तेलुगूत लावून दिला, तेव्हापासून ते मला फोन करून विचारत नाहीत.

पण डायलवरची अक्षरं, बटणांवरच्या खुणा आणि व्हिडिओंतून शिकवणारे लोक, सगळं इंग्रजीत. मेनूत एक शब्द आणि व्हिडिओत दुसरा. वडील एका वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवतात.

---

शेंगाचटणी

मराठी मेनू असतो हे पहिल्यांदाच कळलं! आत्ता बघते.

---

शेंगाचटणी

सापडला! आमच्यात आहे. नवरा म्हणतोय इंग्रजीच बरं होतं. मी म्हटलं, कॅमेरा आता माझा.

---

माळरान

माझा अनुभव सोलापूरजवळच्या नान्नजचा. माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं, माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग झालाय. पण काळवीट, लांडगे, भोवत्या ससाणे यांच्यासाठी मी वर्षातून पंधरा-वीस वेळा जातो. तिथे तीन गोष्टी छळतात.

पहिली धूळ. वारा सुटला की लेन्स बदलायची सोय नाही. झूम करताना पुढे सरकणारी लेन्स पंपासारखी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर आपल्या माळावरची माती. जी लेन्स आतल्या आत झूम होते, लांबी बदलत नाही, ती इथे खरी उपयोगाची. पण ती जड आणि महाग.

दुसरी ऊन. कुठल्याही कॅमेऱ्याचं माहितीपत्रक काढा, बहुतेकांत चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. सोलापूरचा एप्रिल-मे त्याच्या पुढचाच. काळ्या रंगाचा कॅमेरा उन्हात धरला की हाताला चटका बसतो. कॅनन आपल्या मोठ्या टेलिफोटो लेन्स पांढऱ्या रंगवतं ते लेन्स कमी तापावी म्हणून. मग कॅमेराही पांढरट रंगात का मिळू नये? मी जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा ओला करून, पिळून कॅमेऱ्यावर टाकतो. मधे प्लास्टिकची पिशवी ठेवतो.

तिसरी आवाज. लांडगा शंभर मीटरवर असताना आरशाचा 'खटाक' झाला की तो मान वळवतो आणि चालू लागतो. मिररलेसमुळे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यामुळे) हा प्रश्न मिटला, इलेक्ट्रॉनिक शटर अगदी मुकं असतं.

---

रंगावली

@माळरान, तेच मुकं शटर कार्यालयात आम्हाला रडवतं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही. पण इलेक्ट्रॉनिक शटर बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतं. मग नवरीच्या शालूवर काळे-पिवळे आडवे पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर बरेचदा पट्टे जातात, पण स्टेजवरचे रंगीत एलईडी त्यालाही दाद देत नाहीत. तिथे यांत्रिक शटरच वापरायचं.

हा इशारा कॅमेरा देऊ शकतो, काही देतातही. पण ती सोय मूळात बंद ठेवलेली असते आणि मेनूत चार पानं आत. जी गोष्ट ऐन मुहूर्तावर बिघडते, तिची सूचना मूळातच चालू असायला हवी.

---

सातरस्ता

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. लेन्स पुसायला काय वापरता? आपल्याकडे टॉवेलांची कमी नाही, पण...

---

जुना_स्टुडिओ

अरे बाबा, टॉवेलने पुसू नकोस! टर्किश टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण त्याच्या धाग्यांत अडकलेला एखादा वाळूचा कण काचेवर कायमचा ओरखडा देतो. आधी रबरी फुग्याने धूळ उडव. मग मऊ ब्रश. मग चष्म्याचं असतं तसं मायक्रोफायबरचं फडकं, मधून बाहेर गोल फिरवत. फुंकर मारू नकोस, थुंकी उडते.

---

सातरस्ता

बरं झालं विचारलं काका. आज संध्याकाळी तेच करणार होतो.

---

होटगीरोडकर

खरं सांगायचं तर मी कॅमेरा विकून टाकला. फोनने काढतो, लगेच पाठवतो. कॅमेऱ्यातून फोनवर फोटो घ्यायचे म्हणजे आधी वाय-फाय जोडा, अ‍ॅप उघडा, ते तुटतं, पुन्हा जोडा. बारशाचे फोटो आजीला बारशाच्याच दिवशी बघायचे असतात.

२०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. फोनने फोटो काढायला सोपं केलं, हेच त्याचं कारण. कॅमेरेवाले मात्र बटणं वाढवत राहिले.

---

अभियंता_७४

@होटगीरोडकर, निम्मं मान्य. फोन सोपा आहे कारण निर्णय तोच घेतो. अंधारात तो एकामागून एक अनेक फोटो काढून एकत्र शिवतो, माणसाला पत्ताही लागत नाही. पण दारूकामाचा चार सेकंदांचा फोटो, त्यात आकाशातली प्रत्येक रेघ शेवटपर्यंत गेलेली, हे ठरवून काढायचं असेल तर निर्णय माझ्या हातात हवा.

१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा १०० बाय १०० बिंदूंचं एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आज सेकंदाला वीस फोटो निघतात. तरी फोटो आजीपर्यंत पोचवायला कॅमेरा अडखळतो, तिथे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. चार्जिंगचं बघा, प्रत्येक कॅमेऱ्याचा चार्जर वेगळा असायचा. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनबरोबर डिजिटल कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी सक्तीचं केलं. कायदा आल्यावर सगळ्यांना जमलं, म्हणजे आधीही जमलं असतं.

---

चाळ_नंबर_नऊ

बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहितोय.

माझा मोठा भाऊ यंत्रमागावर होता. बारा वर्षांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. त्याला फोटो काढायची फार हौस. जगातला जवळपास प्रत्येक कॅमेरा उजव्या हाताने धरायचा, उजव्या तर्जनीने दाबायचा. शटर उजवीकडे, चाक उजवीकडे, फुगीर पकड उजवीकडे. दुकानात विचारलं तर म्हणाले, डावखुऱ्यांसाठी कॅमेरा येत नाही.

मग आम्हीच खटपट केली. कॅमेऱ्याखाली छोटी पट्टी बसवली, तिला डाव्या हाताची मूठ. रिमोटची वायर मुठीला रबराने बांधली, तिचं बटण डाव्या अंगठ्याखाली. फोकसही त्याच बटणाने, अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. चाक फिरवायला तो उजवा अंगठा वापरतो. गेल्या वर्षी त्याने कंबर तलावावर पाणकोंबडीची पिल्लं काढली, ती घरात फ्रेम करून लावलीत.

रिमोटची वायर ४०० रुपयांची. पण ज्या स्वस्त कॅमेऱ्यांत रिमोट लावायचं भोकच नाही, ते आम्हाला बादच झाले. माझी मागणी एकच: प्रत्येक कॅमेऱ्याला ते भोक ठेवा.

---

बाराबंदी

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. भावाला नमस्कार सांगा. पिल्लांचा फोटो इथे दाखवता आला तर जरूर दाखवा.

---

जुना_स्टुडिओ

@चाळ_नंबर_नऊ, एक सांगतो. फिल्मच्या काळात एक्झॅक्टा नावाचा जर्मन कॅमेरा होता, त्याचं शटर डाव्या हाताला होतं. माझ्या गुरूंकडे एक होता. म्हणजे डाव्या हाताचा कॅमेरा बनवता येतो, १९३६ साली बनला होता. मी वर कडू बोललो ते मागे घेत नाही, पण त्यात हे धरलं नव्हतं. सराव करायला आधी हात हत्याराला पोचायला हवा.

आणि माझंही एक सांगून टाकतो. साठी ओलांडल्यावर मला वाटायला लागलं की माझे सगळे फोटो फोकसबाहेर चाललेत. लेन्स दुरुस्तीला दिली, पैसे गेले. मग एका मुलीने, माझ्याच जुन्या शिकाऊ मुलीने, व्ह्यूफाइंडरशेजारचं बारीकसं चाक फिरवलं आणि सगळं लख्ख दिसलं. ते चाक बघणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं असतं. फोटो चांगलेच होते, मला दिसत नव्हते. ते चाक इतकं लहान आहे की चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि ज्याला चष्मा लागतो त्याच्यासाठीच ते आहे.

---

शेंगाचटणी

काका, शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. ते आत्ता ते चाक शोधतायत.

---

पंचनामा

मी इमारतींच्या पाहणीचं काम करतो. माझी तक्रार तारखेची. कॅमेरा दोन महिने कपाटात पडून होता, बॅटरी पूर्ण उतरली, आतलं घड्याळ मागे जाऊन बसलं. मी नवी बॅटरी घालून ६० फोटो काढले. फोटोंच्या माहितीत तारीख सात वर्षांपूर्वीची. जिथे अहवाल द्यायचा होता तिथे फोटो नाकारले, पुन्हा जाऊन काढावे लागले.

तारीख गेलेली असली तर काही कॅमेरे कोपऱ्यात घड्याळाचं चिन्ह लुकलुकवतात. ते चिन्ह मला दिसलं होतं. मला वाटलं टायमर लागलाय.

---

बाराबंदी

हेच ते! साइड स्टँडच्या दिव्याचा अर्थ एकच असतो. कॅमेऱ्यात एकाच घड्याळाचे तीन अर्थ.

---

रंगावली

तारखेवरून आठवलं, फाइलच्या नावांचं. आकडा चारच अंकी, ९९९९ झाले की पुन्हा ०००१. माझ्यासारखीचे हे दोन-तीन महिन्यांत होतात. आकडा फिरल्यावर घाईत नवे फोटो जुन्याच फोल्डरमध्ये ओतले, तर एकाच नावाच्या दोन फाइल होतात. कॉम्प्युटर विचारतो, जुनी बदलू का? आणि दमलेला माणूस 'हो' म्हणतो. माझे हळदीचे ३८ फोटो असे गेले. कार्डावर होते म्हणून वाचले.

निकॉनमध्ये नावातली पहिली तीन अक्षरं बदलता येतात. मी दोन कॅमेऱ्यांना वेगळी अक्षरं दिलीत. आणि नियम: दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

---

सातरस्ता

या धाग्यातून मी कॅमेरा नव्याने शिकायलोय.

---

अभियंता_७४

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? बाराबंदींनी विचारलं होतं की चालू केल्यावर कॅमेऱ्याने कालचे बदल सांगावेत का. मला एक अडचण दिसते. माळरानांच्या समोर लांडगा आला, त्यांनी कॅमेरा चालू केला आणि पडद्यावर प्रश्न आला तर लांडगा जाईल.

---

माळरान

प्रश्न विचारू नये, नुसतं दाखवावं. बटण अर्धं दाबलं की ते नाहीसं व्हावं. व्ह्यूफाइंडरच्या खालच्या ओळीत रोजच्यापेक्षा वेगळी असलेली गोष्ट तेवढी पिवळी दिसावी. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर म्हणजे आतला पडदाच आहे, तिथे पिवळा रंग दाखवायला काय लागतं? माझी नजर तशीही तिथेच असते.

---

रंगावली

आणि अंधारासाठी बटणांत दिवा. निकॉनने डी५०० आणि डी८५० मध्ये दिलाय. एकदा वापरलात की त्याशिवाय जमत नाही. पण तो महागड्या कॅमेऱ्यांपुरताच का? होम मैदानावर अंधार सगळ्यांना सारखाच असतो.

---

चाळ_नंबर_नऊ

भावाला धागा वाचून दाखवला. तो म्हणतो, पिवळा रंग चालेल, पण हाताला कळेल असंही काहीतरी करा. फोकसचं खटकं एमवर असेल तर बोटाला टोचेल असा उंचवटा असावा. मागावर धागा तुटला की त्याला आधी हाताला कळायचं, मग डोळ्याला.

---

बाराबंदी

हे मला सगळ्यात जास्त पटलं. कंपनी करेल तेव्हा करेल. आज मी लेन्सच्या खटक्यावर, एमच्या बाजूला, फेव्हिक्विकचा एक थेंब बारीक काडीने ठेवला आणि वाळल्यावर घासून टोकदार केला. खटकं व्यवस्थित हलतं. अंगठा फिरवला की लगेच कळतं कुठे आहे. यू१ मध्ये घरातल्या उजेडाची सेटिंग भरून ठेवली. बहिणीला सगळं सांगितलं, ती हसली आणि म्हणाली, नाव ठेवलंय ते तर खरं आहे ना, मग झालं.

उष्टावण जुलैत आहे.

---

रंगावली

जुलैत लग्नं फारशी नसतात. तारीख कळवा, मी माझा दुसरा कॅमेरा घेऊन येते. फोटो तुम्हीच काढा, मी नुसती शेजारी उभी राहीन.

---

जुना_स्टुडिओ

फेव्हिक्विक लेन्सच्या काचेपासून दूर ठेव रे. वाळेपर्यंत त्याची वाफ काचेवर बसते आणि पांढरा थर येतो. केलं असशील तर उजेडात धरून बघ आणि इथे सांग.

---

बाराबंदी

काका, आत्ताच खिडकीत धरून बघितली. स्वच्छ आहे. पुढचं आणि मागचं दोन्ही झाकण लावूनच केलं होतं.